कागद पालथा करून वाचा : डब्लिन कॅसलची दोनशे वर्षांपूर्वीची बारनिशी

‘बारनिशी’ हा शब्द ज्यांना माहीत आहे, त्यांना हा विषय निम्मा आधीच कळलेला आहे. कचेरीतली ती कोपऱ्यातली जागा, जिथे आलेल्या कागदावर शिक्का पडतो, तारीख पडते, आवक नंबर चढतो आणि मग तो कागद टेबलाटेबलांच्या प्रवासाला निघतो. आयर्लंडमध्ये डब्लिन कॅसल या सरकारी किल्ल्यातल्या मुख्य कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदाला वर्षवार नंबर देऊन नोंदवायची पद्धत १८१८ साली सुरू झाली. इकडे त्याच वर्षी पेशवाई बुडाली. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण साल लक्षात ठेवायला सोपं जातं.

त्या कचेरीत आलेले हजारो अर्ज, पत्रं आणि तक्रारी आज डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्यातला प्रत्येक अर्ज आधीच्यासारखाच वाटतो. तीच लाचारी, तेच ‘आपण मायबाप’. म्हणून ते वाचायचे कसे, हे सांगतो. माझं म्हणणं एवढंच की अर्जाची पुढची बाजू साच्यातली असते. खरी गोष्ट पाठीवर असते.

आधी ही कचेरी कोणाची, ते पाहू. १ जानेवारी १८०१ ला आयर्लंडचं ब्रिटनशी विलीनीकरण झालं. डब्लिनची स्वतंत्र संसद बंद झाली आणि आयरिश खासदार लंडनला जाऊन बसू लागले. कायदे लंडनमध्ये होऊ लागले, पण कारभार डब्लिन कॅसलमध्येच राहिला. संसद उचलून नेली आणि कचेरी जागेवर ठेवली, असा हा प्रकार.

कॅसलमध्ये तिघे महत्त्वाचे. सगळ्यांत वर लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा प्रतिनिधी. बहुतेक अर्जांच्या माथ्यावर त्याचंच नाव. त्याच्याखाली चीफ सेक्रेटरी. हा राजकारणी माणूस, स्वतः खासदार. संसदेचं अधिवेशन असलं की महिनोन्‌महिने लंडनला. तिथे त्याच्यासाठी ‘आयरिश ऑफिस’ नावाची वेगळी कचेरीच होती. आणि तिसरा अंडर सेक्रेटरी, जो कुठेच जात नसे. १८१२ पासून १८३० पर्यंत ही खुर्ची विल्यम ग्रेगरी या एकाच माणसाकडे होती. तेवढ्या काळात पील, ग्रँट, गोलबर्न, लॅम असे चीफ सेक्रेटरी आले आणि गेले. कुठल्याही कचेरीत साहेब बदलतात आणि जुने हेडक्लार्क राहतात, तसंच हे. फक्त हा हेडक्लार्क मोठ्या जमीनदार घराण्यातला होता, गॉलवे काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, कूल पार्कच्या. आयरिश नाट्यचळवळीतल्या लेडी ग्रेगरी या पुढे त्याच्याच घरात नातसून म्हणून आल्या.

मराठी वाचकाला या कागदांत दोन ओळखीची नावं भेटतात. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली १८०७ ते १८०९ आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी होता. जालना जिल्ह्यातल्या त्या मैदानानंतर चार वर्षांनी तो डब्लिनमध्ये बसून ‘आमच्या भाच्याला जकातीत चिकटवा’ छापाची पत्रं वाचत होता. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड, म्हणजे वसईचा तह झाला तेव्हाचा गव्हर्नर जनरल, १८२१ च्या अखेरीला लॉर्ड लेफ्टनंट म्हणून आला आणि १८२८ पर्यंत राहिला. ज्यांच्या नावानं अर्ज यायचे ते ‘महामहिम’ म्हणजे हेच.

आता शब्दांचा घोळ. तिथे ‘पिटिशन’ आणि ‘मेमोरियल’ असे दोन शब्द येतात. व्यवहारात दोन्ही एकच, अर्ज. अर्ज कोणाकडे चालला आहे, हा फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. संसदेकडे जायचा तो सार्वजनिक अर्ज, शेकडो-हजारो सह्यांचा. कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क १८२९ पर्यंत नव्हता. त्यासाठीचे अर्ज या वाटेनं जात. कॅसलकडे यायचा तो बहुतेक वेळा एका माणसाचा, एका अडचणीचा अर्ज. मुलाची शिक्षा कमी करा, बुडालेलं निवृत्तिवेतन द्या, खबर दिली होती त्याचं बक्षीस अजून मिळालं नाही, नवऱ्याला ऑस्ट्रेलियाला धाडलंत तर आता मला आणि पोरांनाही त्याच्याकडे पोहोचवा. मी बोलतोय तो या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

एक नमुना समोर ठेवू. हा मी रचलेला आहे, साचा मात्र खरा. साल १८२२, लिमरिक काउंटी.

‘आयर्लंडचे लॉर्ड लेफ्टनंट जनरल व जनरल गव्हर्नर, महामहिम मार्क्विस वेलस्ली यांचे सेवेशी. एका गरीब विधवेचा नम्र अर्ज. विदित व्हावे की, अर्जदारीण सहा लेकरांची आई असून थोरला मुलगा हाच घरचा आधार आहे. की, सदर मुलगा रात्री घराबाहेर सापडल्याकारणे त्यास सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. की, तो आजवर सरळ वागला असून खाली सही करणारे सद्गृहस्थ त्याची खात्री देतात. तरी महामहिमांनी दया करावी. अर्जदारीण कर्तव्य म्हणून सदैव दुवा देत राहील.’ खाली एक फुली, फुलीच्या दोन्ही बाजूंना तिचं नाव दुसऱ्याच कोणाच्या तरी हातचं.

ओळीओळीनं पाहू. ‘विदित व्हावे की’ नंतर प्रत्येक मुद्दा ‘की’नं सुरू होतो, कारण तो कायदेशीर लिखाणाचा जुना साचा आहे. शेवटचं ‘दुवा देत राहील’ हेही ठरलेलं. भल्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या अर्जातही ते असतं. त्यामुळे ‘नम्र’ शब्द वाचून माणूस वाकलेला होता असं समजू नये. आपण अर्जाच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहितो तेव्हा साहेबावर आपला विश्वास असतोच असं थोडंच आहे?

मग फुली. ही बाई लिहीत नाही. तिच्या घरची भाषा बहुधा आयरिश, अर्ज मात्र इंग्रजीत. मधे कोणीतरी आहे. गावशाळेचा मास्तर असेल, पाद्री असेल, पैसे घेऊन अर्ज खरडून देणारा कारकून असेल. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजवायला नको. आपण वाचतो ते त्या बाईचं बोलणं नसतं. अशा अर्जाला काय लागतं हे माहीत असलेल्या माणसानं तिच्या बोलण्यातून निवडून घेतलेलं ते असतं. कधी मधेच एखादा अनावश्यक तपशील घुसतो, गाय विकल्याचा किंवा जेलपर्यंत इतके मैल चालत गेल्याचा. मला स्वतःला अशा जागी थांबायला आवडतं. साच्याबाहेरचं काही असलं तर तिथेच असतं.

अर्जात नसलेली गोष्टही पाहण्यासारखी. ‘कोर्टानं चूक केली’ असं चांगला अर्जनवीस सहसा लिहीत नसे. कारण सोपं आहे. हा अर्ज पुढे मतासाठी जाणार कोणाकडे? ज्यानं शिक्षा दिली त्याच्याकडेच. त्यामुळे कोवळं वय, पहिलीच चूक, म्हातारी आई, वाईट संगत, आजार हेच मुद्दे पुन्हापुन्हा. आणि खाली सह्या. कॅथलिक पाद्र्याची सही तर हवीच, पण प्रॉटेस्टंट धर्मगुरूची मिळाली तर वजन वाढे, जमीनदाराची मिळाली तर आणखी. फिर्याद देणाऱ्यानंच सही केली तर त्याहून काय हवं?

मुलगा नुसता रात्री घराबाहेर सापडला आणि सात वर्षं? होय. इन्सरेक्शन ॲक्ट नावाचा कायदा होता, १७९६ मध्ये पहिल्यांदा आला, मधे मधे बंद पडत १८०७ ला आणि १८१४ ला पुन्हा आला, फेब्रुवारी १८२२ ला पुन्हा. एखादा भाग ‘अशांत’ जाहीर झाला की तिथे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत घराबाहेर दिसणं हाच गुन्हा. ज्युरी नाही. समाधानकारक कारण सांगता आलं नाही तर सात वर्षं जहाजातून परदेशी. आणि भाग ‘अशांत’ जाहीर कसा होई? तिथले मॅजिस्ट्रेट एकत्र जमून लॉर्ड लेफ्टनंटकडे तसा अर्ज करत. म्हणजे शिक्षेचा कायदा गावात यायचा तोही अर्जानं, आणि शिक्षेतून सुटका मागायची तीही अर्जानं. दोन्ही कागद एकाच बारनिशीत नोंदले जात.

आता कागद पालथा करू. कॅसलमधला कागद लांबट पट्टीसारखा घडी घालून ठेवत. घडीच्या बाहेरच्या बाजूवर कारकून लिहायचा : नंबर, तारीख, कोणाचा, कशाबद्दल. विषय एका ओळीत. सहा लेकरं, गाय, मैल सगळं गळून ‘मुलाच्या शिक्षेत सूट मिळणेबाबत’ एवढं उरे. त्याखाली वेगळ्या हातचा, बहुतेकदा घाईतला शेरा. इथे कचेरीचं पोट उघडं पडतं.

शेरे थोडेच प्रकारचे. दयेच्या अर्जावर साधारणपणे ‘न्यायाधीशांकडे अभिप्रायासाठी’. मग न्यायाधीशाचं उत्तर येई, कधी चार ओळी, कधी साक्षीपुराव्याचा अख्खा गोषवारा, आणि ते अर्जाला जोडलं जाई. न्यायाधीश प्रतिकूल असेल तर पुढचा शेरा ठरलेला : ‘लॉ मस्ट टेक इट्स कोर्स’, कायदा आपल्या वाटेनं जाईल. आपल्याकडच्या ‘दप्तरी दाखल’ सारखाच हा शेरा. त्यात राग नाही, तुच्छताही नाही, फक्त फाइल बंद. न्यायाधीश अनुकूल असेल तर फाशीची जन्मठेप, जन्मठेपेची सात वर्षं, सात वर्षांची तुरुंगातली थोडी मुदत, अशी शिक्षा पायरीपायरीनं खाली येऊ शके. निर्णय लॉर्ड लेफ्टनंटच्या नावानं होई, पण तो कोणाच्या शब्दावर झाला हे त्या जोडपत्रावरून कळतं.

या सगळ्यात वेळेची शर्यत असे. मोठे खटले चालवणारे न्यायाधीश वर्षातून दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्यात, काउंटीकाउंटीतून फिरत. शिक्षा सुनावून ते पुढच्या गावी गेलेले असत, कैदी मागे. काळ्या पाण्याच्या कैद्यांना कॉर्ककडे हलवत आणि तिथून कोव्ह बंदरातून जहाज न्यू साउथ वेल्सला सुटे, साधारण चार महिन्यांचा प्रवास. १८२३ च्या सुमारास कोव्हच्या बंदरात एक जुनं जहाजच तरंगता तुरुंग म्हणून बांधून ठेवलं. अर्ज डब्लिनला, तिथून फिरत्या न्यायाधीशाच्या शोधात, परत डब्लिनला, तिथून तुरुंगाधिकाऱ्याकडे. एवढं होईपर्यंत जहाज सुटलं नाही तर नशीब. त्यामुळे अर्जावरच्या तारखा आणि शेऱ्यावरच्या तारखा शेजारीशेजारी ठेवून बघाव्यात. सगळं नाट्य त्या दोन आकड्यांच्या मधे.

अर्ज पाठवायला एक सोय मात्र होती. त्या काळी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा भरत असे, आणि मोठ्या सरकारी अधिकाऱ्यांना टपाल माफ होतं. गरिबाला कॅसलला लिहिणं परवडे ते त्यामुळेही. अर्जनवीसाचे पैसे तेवढे द्यायचे.

बाकीचे शेरे वाचताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते : कॅसलच्या हातात लोकांना वाटे तितकं नव्हतंच. रस्ता, पूल, काउंटीचा तुरुंग, जाळपोळीची नुकसानभरपाई हे सगळं स्थानिक जमीनदारांच्या ‘ग्रँड ज्युरी’कडे. पैशाच्या गोष्टीत १८१७ मध्ये आयर्लंडचा खजिना ब्रिटनच्या खजिन्यात मिळवून टाकला, त्यानंतर निवृत्तिवेतनाचा प्रश्न लंडनच्या ट्रेझरीकडे. संसदेच्या किंवा मंत्र्यांच्या कानावर घालायचं तर वेल्समधल्या होलीहेड बंदरामार्गे समुद्र ओलांडायचा. शिडाची टपालबोट वाऱ्यावर अवलंबून. वाफेच्या बोटी १८२० नंतर आल्या, होलीहेडच्या वाटेवरचा मेनायचा पूल १८२६ ला झाला, तोवर वारा पडला की सरकारही पडून. त्यामुळे ‘या कचेरीशी संबंधित नाही’ अशा अर्थाचा शेरा दिसला की लगेच कारकुनाला शिव्या घालू नयेत. बरेचदा ते खरं असे. अर्थात नेहमी नाही. जबाबदारी झटकायला हद्दीइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही, आणि हे डब्लिनलाच ठाऊक होतं असं नाही.

दुसरा मोठा गठ्ठा मॅजिस्ट्रेटांच्या पत्रांचा. हे गावोगावचे जमीनदार. त्यांची पत्रं ‘मुलखाची स्थिती’ या सदराखाली वेगळी ठेवलेली आहेत. रात्री हत्यारं लुटली, गंज्या पेटवल्या, चर्चच्या करवसुलीवाल्याला मारलं, लष्कर पाठवा. ही वाचताना अर्जापेक्षा जास्त सावध राहावं लागतं, कारण यात साचा नसतो, भीती असते. आणि कधी हिशेबही. सैन्याची तुकडी गावात आली की जमीनदाराची झोप सरकारी खर्चानं होते. रॉबर्ट पील १८१२ ते १८१८ चीफ सेक्रेटरी होता. त्याला हे पुरतं कळलं होतं. १८१४ च्या त्याच्या कायद्यानं जादा पोलीस मिळण्याची सोय केली, पण त्यांचा खर्च त्याच भागाच्या माथी. पहिला प्रयोग टिपेररीतल्या मिडलथर्डमध्ये, सप्टेंबर १८१४. मागा, पण बिल तुम्हाला येईल. मागणी कितपत खरी, हे तपासायची ही मला वाटतं त्या काळातली सगळ्यांत हुशार युक्ती. १८१७ मध्ये सरकारनं त्या खर्चाचा मोठा वाटा उचलायची तरतूद केली, म्हणजे धार थोडी बोथटही केली. लोकांनी त्या पोलिसांना ‘पीलर’ म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

मॅजिस्ट्रेट, पाद्री, सैन्याधिकारी, अर्जदार हे सगळे कॅसलचे डोळे. १८२१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ६८ लाखांच्या वर भरली. एवढ्या मुलखाची खबर कॅसलला कळायची ती टपालानं. १८२१ चं पावसाळी हवामान बटाट्याला बाधलं आणि १८२२ च्या उन्हाळ्यात पश्चिमेकडे, क्लेअर, गॉलवे, मेयो भागात उपासमार सुरू झाली. तेव्हाची पत्रं लागोपाठ वाचली की फरक जाणवतो. वसंतात बियाण्याच्या बटाट्यांची मागणी. मग ओटच्या पिठाची. मग रस्त्याची कामं काढा, मजुरी द्या. मग तापाच्या साथीसाठी दवाखाना. कोणी एकानं ‘दुष्काळ आहे’ असं जाहीर केलेलं नसतं. मागणीचा विषय बदलत जातो, त्यावरून कळतं. इंजिनिअर ॲलेक्झांडर निम्मोला सरकारनं पश्चिमेत रस्त्यांच्या कामावर घातलं ते याच वर्षी.

नोकरी मागणाऱ्यांचे अर्ज मात्र मी पटापट उलटतो. त्यात आयर्लंडपेक्षा माणसाचा स्वभावच जास्त दिसतो, आणि तो आपल्याला घरबसल्या दिसतोच.

हे कागद आपल्यापर्यंत आले ते एका अर्थानं जागेच्या नशिबानं. आयर्लंडचा मुख्य दफ्तरखाना फोर कोर्ट्सच्या इमारतीत होता. यादवी युद्धात ३० जून १९२२ ला तो स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक मूळ कागद तिथेच जळाले. कॅसलचे कागद कॅसलच्याच जुन्या रेकॉर्ड टॉवरमध्ये होते, म्हणून वाचले. त्यामुळे आज एखाद्या आयरिश घराला आपला खापरपणजोबा शोधायचा असेल तर जनगणनेत न सापडणारा तो कधी कधी दयेच्या अर्जात सापडतो. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा आयरिश सरकारनं भेट काय दिली? काळ्या पाण्यावर गेलेल्या कैद्यांच्या या नोंदींच्या प्रती. पुढे १८१८ ते १८२२ या वर्षांच्या कागदांची एकेका पत्राच्या पातळीवर यादी झाली आणि ती इंटरनेटवर शोधता येते. शोधायचं असेल तर माणसाच्या नावापेक्षा काउंटीच्या नावानं सुरुवात करा. नावांची स्पेलिंगं कारकुनागणिक बदलतात.

या गठ्ठ्यांत आणखी एक कागद भेटतो, जो अर्ज नाहीच. १८२१ पासून लिमरिकपासून सुरू होऊन मन्स्टर प्रांतभर ‘कॅप्टन रॉक’च्या नावानं धमकीच्या चिठ्ठ्या लागू लागल्या. कोणी जमीन सोडायची, कोणी खंड कमी करायचा, कोणी करवसुली थांबवायची. खाली सही कॅप्टन रॉकची, जो एक माणूस नव्हताच. कॅसलला अर्ज करून उपयोग नाही असं ठरवलेल्यांचा हा अर्ज म्हणायचा. गंमत म्हणजे त्यातल्या काही चिठ्ठ्यांची भाषाही हुकमाची, सरकारी जाहीरनाम्यासारखी. मॅजिस्ट्रेट अशी चिठ्ठी दारावरून काढून, नाहीतर तिची नक्कल करून, आपल्या पत्रासोबत डब्लिनला पाठवी. तिथे तिची लांबट घडी घातली जाई आणि पाठीवर लिहिलं जाई : नंबर, तारीख, कोणाकडून, कशाबद्दल.